सेकंद जपणारा सुतार

मिनी-प्रोजेक्टमध्ये आमच्या डेटाबेसमधून ३१ तारखेच्या सगळ्या नोंदी रिपोर्टमध्ये येईचनात! रात्रभर डोकं खाजवल्यावर चूक सापडली. '१ ते ३१' हा कालावधी साठवताना आम्ही फक्त तारीख ठेवली, वेळ टाकलीच नाही. कॉम्प्युटरने ३१ तारीख म्हणजे ३१चे ००:०० वाजले असं धरलं आणि तो अख्खा दिवस बाहेर राहिला. तेव्हा मला जॉन हॅरिसन यांची आठवण झाली.

हॅरिसन यांचा जन्म १६९३ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. वडील सुतार, हेही सुतारच. शाळा नावालाच. पण विशीतच त्यांनी चक्क लाकडी चाकांचं घड्याळ बनवलं.

त्या काळी भर समुद्रात जहाजाचे रेखांश कळत नसत. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. म्हणजे बंदराची वेळ अचूक जपली, तर तिथली दुपार आणि बंदराची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश निघतात. पण घड्याळ ४ मिनिटं चुकलं, तर विषुववृत्तावर जहाज तब्बल १११ किलोमीटर चुकणार! आणि हलत्या जहाजावर लंबकाचं घड्याळ काय कामाचं? १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अर्ध्या अंशाच्या अचूकतेसाठी २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं.

हॅरिसन यांनी आयुष्य त्यातच घातलं. पहिलं यंत्र १७३५ साली तयार झालं. तिसऱ्यावर तर १९ वर्षं गेली. शेवटी १७५९ मध्ये हातात मावेल असं चौथं घड्याळ बनलं. १७६१ मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. घड्याळ रोज किती मागे पडतं ते आधीच मोजून हिशेबात धरलं होतं. ८१ दिवसांनी चूक निघाली फक्त ५ सेकंदांची!

तरी परीक्षकांना तो योगायोग वाटला. पुन्हा चाचणी झाली, १७६५ मध्ये निम्मी रक्कम मिळाली. बाकीसाठी राजा तिसरा जॉर्ज यांच्याकडे दाद मागावी लागली. १७७३ मध्ये पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड दिले, तेव्हा ते ८० वर्षांचे होते. १७७६ मध्ये ते गेले.

ज्या सेकंदांसाठी या माणसाने उभा जन्म वेचला, ते आपण कॉलमचा टाइप चुकीचा निवडून एका क्लिकमध्ये फेकून देतो. एकदा फेकलेली वेळ मग कुठल्याच क्वेरीने परत येत नाही. तेव्हा दोस्तांनो, पुढचं टेबल बनवताना जरा थांबा!