इतिहासाचार्य राजवाडे : कागद जपणारा माणूस

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. जन्म रायगड जिल्ह्यातील वरसईचा. तरुणपणीच पत्नी वारली, पण त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. गावोगाव पायी हिंडायचे, जुन्या घरांतली मोडी दप्तरे मिळवायची, वाचायची आणि छापायची, हेच त्यांचे आयुष्य झाले. १८९८ साली पानिपतच्या काळातील पत्रांचा पहिला खंड निघाला. पुढे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड झाले.

पण ते लढायांपाशीच थांबले नाहीत बरं का! गावांची नावे, आडनावे, लग्नाच्या चालीरीती, रोजच्या बोलण्यातले शब्द हाही त्यांच्यासाठी इतिहासच होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते वारले. धुळेकरांनी त्यांचे दप्तर जपले, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. त्या टिपणांतूनच पुढे धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश छापले गेले. तेच दप्तर रद्दीत गेले असते तर?

आपल्या फुलंब्री परिसरातही कुणाच्या माळ्यावर जुने खरेदीखत असेल, कुणाच्या आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ असतील. कागद टाकण्याआधी मुलांना दाखवा आणि आजीच्या ओव्या त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्या.