दि.ब. देवधर

दिनकर बळवंत देवधर (जन्म: १४ जानेवारी १८९२, पुणे, मृत्यू: २४ ऑगस्ट १९९३, पुणे) हे भारतीय क्रिकेट खेळाडू, महाराष्ट्र संघाचे कर्णधार आणि संस्कृतचे प्राध्यापक होते. उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्या देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशा सलग दोन हंगामांत रणजी करंडक जिंकला. भारतीय क्रिकेटचे पितामह म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. अधिकृत कसोटी सामना मात्र ते एकही खेळले नाहीत.

प्रारंभीची कारकीर्द

देवधर पुण्यातील सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत. खेळावर उपजीविका करण्याची सोय त्या काळी संस्थानिकांच्या पदरी असलेल्या मोजक्याच खेळाडूंना होती. देवधरांनी अध्यापन आणि खेळ दोन्ही अखेरपर्यंत सांभाळले. १९११ साली त्यांनी प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. मुंबईत भरणाऱ्या, धर्मवार संघांच्या स्पर्धेत ते हिंदू संघाकडून खेळत.

डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालील एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत भारतीय संघाकडून खेळताना त्यांनी १४८ धावा केल्या. याच दौऱ्यात सी.के. नायडू यांनी हिंदू संघाकडून १५३ धावांची खेळी केली होती. नायडूंच्या षटकारांची आठवण अधिक काढली जात असली, तरी देवधरांची खेळी संपूर्ण भारताच्या संघाकडून झालेली असल्याने तिचे महत्त्व वेगळे आहे. भारतीय संघ इंग्लंडच्या तोडीस उभा राहू शकतो, हे या दौऱ्यात दिसून आले आणि भारताच्या कसोटी प्रवेशाचा मार्ग सुकर झाला. १९३२ साली भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा देवधर ४० वर्षांचे होते आणि इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांचा समावेश नव्हता.

रणजी करंडक आणि महाराष्ट्र

प्रांतांच्या संघांमधील रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. संघांची विभागवार वाटणी असे आणि सामने बाद पद्धतीने होत. ठरलेल्या मुदतीत सामना निकाली न निघाल्यास पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरे. पश्चिम विभागात मुंबई, बडोदा, नवानगर, गुजरात असे संघ असल्याने महाराष्ट्राला विभागातून बाहेर पडणेच कठीण होते. पहिल्या दोन्ही हंगामांत करंडक मुंबईकडे गेला होता.

येथे महाराष्ट्र म्हणजे आजचे राज्य नव्हे. हा संघ मुंबई इलाख्याच्या मराठी भागाचा आणि मुख्यत्वे पुण्याचा होता. मुंबई शहराचा संघ वेगळा होता. मराठवाडा तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याच्या दृष्टीने प्रांताचा संघ म्हणजे १९३७-३८ चा विजेता हैदराबाद होय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज धाराशिवचे खेळाडू महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात.

१९३९-४० चा हंगाम

देवधरांचा संघ तरुण होता. विजय हजारे हा त्यातील सर्वांत प्रभावी फलंदाज. पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक होते. या डावात हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागीदारी केली. अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताचा १० गडी राखून पराभव केला आणि करंडक प्रथमच पुण्यात आला.

१९४०-४१ चा हंगाम

विजेतेपद टिकवताना मुंबईचा अडथळा सर्वांत मोठा होता. पुण्यात झालेल्या या सामन्यात महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यांपैकी २४६ एकट्या देवधरांच्या होत्या. त्यांना त्या वेळी ४९वे वर्ष चालू होते आणि समोर विजय मर्चंट यांच्यासारख्यांचा मुंबई संघ होता. मुंबईनेही हार मानली नाही. खंडू रांगणेकर यांच्या २०२ धावांच्या बळावर त्यांनी ६५० पर्यंत मजल मारली. दोन डावांत मिळून १,३२५ धावा झाल्या आणि फरक राहिला केवळ २५ धावांचा. या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. कर्णधार थोडा आधी बाद झाला असता, तर हंगाम तेथेच संपला असता. २४६ ही देवधरांची प्रथमश्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या राहिली.

मद्रास येथील अंतिम सामन्यात महाराष्ट्राने मद्रासवर ६ गडी राखून विजय मिळवला. पुढे हजारे बडोद्याकडून खेळू लागले आणि १९४१-४२ चा करंडक मुंबईने जिंकला. त्यानंतर महाराष्ट्राने अनेकदा अंतिम फेरी गाठली, पण २०२४-२५ च्या हंगामापर्यंत त्याला तिसरे विजेतेपद मिळालेले नाही.

उत्तरार्ध

वयाच्या ५२व्या वर्षी, १९४४-४५ च्या हंगामात, देवधरांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके (१०५ आणि १४१) केली. पहिल्या महायुद्धापूर्वी खेळू लागलेला हा फलंदाज दुसरे महायुद्ध चालू असतानाही गोलंदाजांना दाद देत नव्हता. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्या साडेचार हजारांहून अधिक धावा आहेत. कारकिर्दीची लांबी पाहता हा आकडा लहान वाटतो. मात्र त्या काळी वर्षाकाठी मोजकेच प्रथमश्रेणी सामने होत, हे लक्षात घ्यावे लागते.

निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते. क्रिकेटवर त्यांनी मराठी व इंग्रजीत लेखन केले. 'आय लुक बॅक' हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र होय. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा गाजवल्या.

भारत सरकारने त्यांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवले. १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या विभागीय संघांच्या एकदिवसीय स्पर्धेला देवधर करंडक हे नाव देण्यात आले. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी वयाची शंभरी पूर्ण केली. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.