महाद्वारीची पायरी आणि श्रीसंत चोखामेळा महाराजांची पदे

श्रीक्षेत्र पंढरपूर येथे श्रीविठ्ठल मंदिराच्या महाद्वारी येणारा भाविक प्रथम श्रीसंत नामदेव महाराजांच्या पायरीपुढे नतमस्तक होतो. याच पायरीसमोर श्रीसंत चोखामेळा महाराजांची समाधी आहे. दर्शनाची ओढ आणि गर्दीचा रेटा यांमुळे अनेकांचे तिकडे लक्ष जात नाही. मात्र त्याच वेळी जवळच्या दुकानातून कानी पडणारे पद बहुधा चोखोबांचेच असते!

चोखोबांचे जन्मस्थान म्हणून परंपरा बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा या गावाचे नाव घेते. त्यांचे आयुष्य मात्र पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील मंगळवेढ्यात गेले. ते महार कुळात जन्मले. गावाबाहेर राहायचे, मेलेली गुरे ओढून न्यायची, गावकुसाची डागडुजी करायची आणि त्याबद्दल घरोघरचे उरलेसुरले अन्न घ्यायचे, हा त्या काळचा नेम होता. संत नामदेव महाराज त्यांचे गुरू. त्यांच्या सहवासात चोखोबा पंढरीचे वारकरी झाले. परंतु जातीमुळे त्यांना देवळात प्रवेश नव्हता. महाद्वाराबाहेर उभे राहून ते भजन करीत. त्यांच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग उपलब्ध असून, ते अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते.

पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या स्वरातील ‘अबीर गुलाल’ हे पद महाराष्ट्रात व गोव्यात ऐकले नाही असा भाविक विरळा. त्याची चाल उत्सवाची आहे, त्यामुळे ते केवळ आनंदगीत समजले जाते. शब्दांकडे लक्ष दिले असता मात्र निराळेच चित्र उभे राहते. देवाच्या दारी रंगांची उधळण चालली आहे आणि गाणारा भक्त उंबरठ्यालाही शिवू शकत नाही. तुझे रूप आम्ही पाहावे कसे, असा त्याचा प्रश्न आहे. मग तो स्वतःच मार्ग काढतो. पायरीशीच अभंगात रंगून जावे, चंद्रभागेत न्हावे, वाळवंटात नाचावे, कारण तेथे कोणाला मज्जाव नाही. या पदातील आनंद खरा आहे. तो दाराबाहेरचा आहे, एवढे ध्यानी ठेवून ते ऐकावे.

‘जोहार’ हे पद १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संत कान्होपात्रा’ या नाटकामुळे घरोघर पोहोचले. त्यात बालगंधर्वांनी ते गायिले. जोहार म्हणजे महारांनी गावातील वरिष्ठांना करावयाचा नमस्कार. चोखोबांनी गावकीतला तो रोजचा नमस्कार देवाला केला आणि उष्टे अन्न मागण्याची पाटीही देवापुढेच धरली. मागणे लीनतेचे आहे, परंतु ते धन्याला ओलांडून थेट विठ्ठलाकडे केलेले आहे, हे विसरू नये.

चोखोबांचे सारे घरच अभंग रचणारे होते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांची रचना उपलब्ध आहे. गानसरस्वती किशोरी आमोणकर यांनी गायिलेला ‘अवघा रंग’ हा अभंग सोयराबाईंचा. सर्व रंग श्रीरंगाच्या ठायी एक झाले, मीपण आणि तूपण सरले, पाहणारा आणि पाहणे हा भेदही मावळला, असा त्याचा आशय. शेवटी त्या आपली ओळख चोखोबांची महारी अशीच देतात. जिला राउळात जाऊन मूर्ती पाहण्याची मुभा नव्हती, तिने पाहण्याच्याही पलीकडची अवस्था सांगावी, हे या अभंगाचे मर्म होय.

‘ऊस डोंगा’ या अभंगातील डोंगा म्हणजे वाकडा. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, नदीची वळणे पाण्याला लागत नाहीत. तसेच चोखोबांच्या बाह्य रूपावरून त्यांच्या भावाची पारख करू नये, असे हा अभंग सांगतो. देवाच्या गळ्यातील हार चोखोबांच्या गळ्यात आढळल्याने त्यांना बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली, पण बैल जागचे हलेनात, अशी कथा कीर्तनातून सांगितली जाते. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी, अभंगातील भाव एवढा निकराने का मांडावा लागला, हे तीवरून उमगते.

इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली सापडून चोखोबांचा अंत झाला. ढिगाऱ्यात अनेकांच्या अस्थी होत्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून नामदेव महाराजांनी त्या पंढरीस आणल्या व महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली, असे संतचरित्रे सांगतात. जिवंतपणी जेथे उभे राहावे लागले, तेथेच त्यांना कायमचे स्थान मिळाले.

उंबरठा ओलांडण्यास पुढे सहाशेहून अधिक वर्षे लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केले आणि त्यानंतर श्रीविठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले झाले.

चोखोबांची पुण्यतिथी वैशाख वद्य पंचमीस असते. पंढरीस येणाऱ्या भाविकांनी महाद्वारात शिरण्यापूर्वी क्षणभर मागे वळून समाधीचे दर्शन घ्यावे. सवड असल्यास मंगळवेढ्यासही जाऊन यावे. संत कान्होपात्रा याच गावच्या.