फुटबॉलचे मास्तर : रहीमसाहेब

आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या फुटबॉल संघाने आजवर दोनच वेळा सुवर्णपदक मिळवले आहे. पहिले १९५१ साली दिल्लीत आणि दुसरे १९६२ साली जकार्ता येथे. या दोन्ही संघांना घडवणारा माणूस एकच होता आणि तो पेशाने शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. खेळाडू त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत.

विद्यार्थी मित्रांनो, आपण उदगीरकरांनी त्यांना परके समजण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपले उदगीर हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मोठ्या कामासाठी आणि वरच्या शिक्षणासाठी हैदराबादचीच वाट धरावी लागे. रहीमसाहेब त्याच राज्याचे आणि त्याच काळाचे. तरीही आपल्या भागात त्यांचे नाव क्वचितच निघते. २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा असा कोणी माणूस होऊन गेला हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना प्रथमच कळले.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले, तेथे फुटबॉल खेळले आणि कला शाखेची पदवी घेतली. म्हणजे आपल्यासारखेच तेही बी. ए. चे विद्यार्थी! पुढे काचीगुडा, चादरघाट येथील शाळांतून त्यांनी मुलांना शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यावर शाळेच्या खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. स्वतः खेळत असतानाच खेळ शिकवायचा कसा, याचा विचार त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता. १९४० नंतरच्या काळात ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि त्या विचाराला मोकळे मैदान मिळाले.

त्या वेळचा आपला फुटबॉल कसा होता? बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. बूट महाग, आणि लहानपणापासून उघड्या पायांनी चेंडू हाताळण्याची सवय. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेच खेळाडू अनवाणीच उतरले आणि फ्रान्सविरुद्ध १-२ असे थोडक्यात हरले. त्या सामन्यात दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर निकाल निराळा लागला असता. कौशल्य अंगात भरपूर होते. प्रत्येक जण चेंडू पायाशी ठेवून चार जणांना चकवण्यात रमत असे आणि प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देत. दहा जणांनी मिळून एक गोल करायचा असतो, ही गोष्ट मात्र कोणी शिकवत नव्हते.

रहीमसाहेबांनी ती शिकवली, आणि तीही शाळेत धडा शिकवतात तशी. त्यांनी हैदराबादेत मुलांसाठी वेगळ्याच स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत चेंडू घेऊन पळायला, चकवायला बंदी असे. चेंडू आला की लगेच सहकाऱ्याकडे द्यायचा. दुसऱ्या एका स्पर्धेत ज्याचा जो पाय कच्चा त्यानेच चेंडू मारायचा. उजव्या पायाने खेळणाऱ्याला डाव्या पायाचाच आधार! अशा तालमीतून दोन्ही पायांनी सारखे खेळणारी आणि मान वर करून सहकारी कुठे आहे ते पाहणारी पिढी तयार झाली. याला खर्च काहीच नव्हता. एक मैदान, एक चेंडू आणि विचार करणारा मास्तर एवढ्यावर भागत होते.

त्याचे फळ हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या रूपाने दिसले. पोलिसांचा हा संघ त्यांच्या हाती आला आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्याने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांना हैदराबादच्या पोलिसांनी मागे टाकावे, हे त्या काळी नवलच होते. याच सुमारास भारतीय संघाची सूत्रेही रहीमसाहेबांकडे आली. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत दिल्लीच्या मैदानावर मेवालालच्या गोलने भारताने इराणला १-० असे हरवले आणि सुवर्णपदक पटकावले.

पण लगेच पुढच्या वर्षी डोळे उघडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंड हवा, परके मैदान, बूट घातलेले धिप्पाड प्रतिस्पर्धी आणि आपले बरेच गडी अनवाणी. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. दुसरा एखादा प्रशिक्षक अशा पराभवाने खचला असता. रहीमसाहेब त्यातून शिकले. युरोपात, विशेषतः हंगेरीत, खेळाची मांडणी बदलत होती. ती त्यांनी बारकाईने अभ्यासली. आघाडीचा मधला खेळाडू थोडा मागे ठेवायचा, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू गोंधळतो आणि मोकळी जागा तयार होते. ही युक्ती त्यांनी आपल्या मुलांना शिकवली. मागे चार, मध्ये दोन, पुढे चार ही मांडणी ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात जगप्रसिद्ध केली. भारतात रहीमसाहेबांचे प्रयोग त्याच दिशेने चालले होते.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या मेहनतीची परीक्षा झाली. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल भारतानेच केला. शेवटी ४-१ अशी हार पत्करावी लागली आणि कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० असा जिंकला. तरी १०-१ पासून तिथपर्यंतची मजल अवघ्या चार वर्षांत मारली होती. ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्याच्या वर भारतीय फुटबॉल आजपर्यंत गेलेला नाही.

त्या संघात हैदराबादची अनेक मुले होती. त्यांतला तुळसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीतला, अत्यंत गरीब घरचा. सरावासाठी हैदराबादला येण्याजाण्याचा खर्च त्याला परवडत नव्हता. रहीमसाहेबांनी त्याच्यासाठी सायकलची सोय केली. हाच मुलगा विशीच्या उंबरठ्यावर मेलबर्नला गेला आणि पुढे भारताचा फार मोठा खेळाडू ठरला. मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गुण असूनही एस. टी. च्या भाड्यापायी शाळा सोडलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना उपदेश पुष्कळांनी केला, पण सायकल कोणी दिली नाही. मुलाचे अडते कुठे हे ओळखून तेवढीच अडचण दूर करणे, हे खऱ्या शिक्षकाचे लक्षण म्हटले तर वावगे ठरणार नाही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले, तर हंगेरीसारख्या संघाकडून १-२ असा निसटता पराभव स्वीकारला. या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम होता. वडील प्रशिक्षक असूनही त्याला एकाही सामन्यात खेळवले गेले नाही. आजच्या वशिल्याच्या जमान्यात ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यानंतर जकार्ता. १९६२ च्या आशियाई स्पर्धेसाठी संघ निघाला तेव्हा रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने पोखरले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. त्यानंतर भारताने थायलंड व जपानला हरवले, पण थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले. बाहेरचे वातावरणही तापले होते. इस्रायल व तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने येऊ दिले नव्हते. त्यावर भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली, म्हणून तेथील जनता भारतीयांवर चिडली. जमावाने आपल्या वकिलातीवर हल्लादेखील केला.

अशा वेळी रहीमसाहेबांनी एक धाडसी निर्णय घेतला. टाके पडलेल्या जर्नेलसिंगला त्यांनी बचावातून काढून चक्क आघाडीवर खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर आला. फ्ल्यूने आजारी असलेला पीटर थंगराज गोलरक्षणाला उभा राहिला. सारे प्रेक्षागृह विरोधात ओरडत होते. भारताच्या बाजूने आवाज काढत होते ते पाकिस्तानचे हॉकी खेळाडू! पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला. शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण सामना भारताने २-१ असा जिंकला. चुनी गोस्वामी कर्णधार असलेल्या त्या संघाने आपल्या मास्तरांना दिलेली ती गुरुदक्षिणाच होती. पुढे वर्षभराच्या आतच, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब गेले. तेव्हा ते अवघ्या ५३ वर्षांचे होते.

त्यांच्यानंतरचा हिशेब दुःखद आहे. १९७० साली बँकॉकला मिळालेले कांस्यपदक सोडले तर आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला फुटबॉलचे पदक नाही. १९६० नंतर ऑलिंपिकमध्ये आपला संघ पोहोचलेला नाही. २०२६ च्या विश्वचषकासाठी संघांची संख्या ३२ वरून ४८ करण्यात आली, पण भारत पात्रतेच्या दुसऱ्याच फेरीत बाद झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दारही बंद झाले. आज व्यावसायिक लीग आहे, परदेशी प्रशिक्षक येतात, बूट तर गल्लीतल्या पोरांच्याही पायांत असतात. तरीही निकाल असा का?

माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर रहीमसाहेबांच्या चरित्रातच आहे. राष्ट्रीय संघ स्पर्धेच्या आधीच्या शिबिरात तयार होत नाही. तो दहा वर्षे आधी शाळेच्या मैदानावर तयार होतो. रहीमसाहेबांनी वरचा संघ जिंकवला, कारण खालची मुले त्यांनी स्वतः शिकवली होती. ते गेल्यावर त्यांचे पदक आपण जपले, त्यांची शाळा मात्र चालवली नाही. कच्च्या पायाच्या स्पर्धा पुढे गावोगावी भरल्या असत्या तर आज चित्र वेगळे दिसले असते.

आपल्यापैकी बरेच जण उद्या बी. एड. करून जिल्हा परिषदेच्या किंवा खाजगी शाळेत शिक्षक होतील. खेळाचा तास आला की मुलांना मोकळे सोडून हजेरीपट भरत बसण्याचा मोह आपल्यालाही होईल. त्या वेळी काचीगुड्याच्या शाळेतला हा मास्तर आठवावा. मुलांना कच्च्या पायाने खेळायला लावावे, आणि कोणाला सायकल हवी आहे तेही पाहावे.