रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे
मुंबईच्या कापडगिरण्यांत पूर्वीं उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत यंत्रें चालत. भाकर खावयास ठरलेली सुटी नसे. लोखंडे यांनीं स्वतः गिरणींत नोकरी केली होती, म्हणून मजुरांचे हाल त्यांस ठाऊक होते. सन १८८४ सालीं त्यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या, व सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनापुढें ठेविला. दुपारीं अर्धा तास विसावा आणि रविवारीं सुटी, हें त्यांतील मुख्य मागणें. केवढें थोडें मागणें हें, असें आम्हांस वाटतें! तरी मालकांनीं सहा वर्षें दाद दिली नाहीं. ता. १० जून १८९० रोजीं रविवार मिळाला. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कायद्यानें आला. पुढें १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां लोखंडे त्याच रोगानें वारले.