अवघे अठ्ठ्याण्णव सामने

विंडी हिल म्हणजे वाऱ्याची टेकडी. मेलबर्न शहराच्या एसेंडन या उपनगरातले हे फुटबॉलचे मैदान. १९४९ ते १९५४ या वर्षांत तिथे एक गंमत हमखास दिसे, अशी आठवण जुने प्रेक्षक पुढे कितीतरी वर्षे सांगत असत. सामन्याचा एक भाग संपला की गोलखांबांमागे दाटीवाटीने उभे असलेले शेकडो लोक जागा सोडत आणि कुंपणाला वळसा घालून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जात. संघांनी बाजू बदलल्या की एसेंडनचा दहा नंबरचा खेळाडू त्या टोकाला उभा राहणार, मग इथे थांबून करायचे काय? धडपडून मिळवलेली जागा माणसे एका खेळाडूसाठी हसत सोडून देत. त्या खेळाडूचे नाव जॉन कोलमन.

आपल्याला मेलबर्नचे मोठे मैदान ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. लाला अमरनाथ यांचा संघ १९४८ मध्ये तिथे दोन कसोटी सामने खेळला, १९८१ मध्ये तिथेच गावसकरच्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवले. पण हिवाळा आला की हे मैदान ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या फुटबॉलचे होते. एकेका संघात अठरा खेळाडू, मैदान लंबवर्तुळाकार आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. या फुटबॉलमध्ये हात वापरायला मुभा आहे. लाथाडलेला चेंडू वरच्यावर झेलला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. मग झेलणाऱ्याला कुणी अडवायचे नाही, त्याने निवांतपणे चेंडू मारायचा. त्यामुळे सर्वांत उंच उडी घेणारा तो लोकांचा लाडका. आपल्याकडे दहीहंडीला गोविंदा खांद्यावर चढतात. इथे खांदा प्रतिस्पर्ध्याचा असतो, आणि तोही पळणारा!

कोलमनचा जन्म २३ नोव्हेंबर १९२८ चा, व्हिक्टोरिया राज्यातल्या पोर्ट फेअरी या समुद्रकाठच्या गावचा. पुढे कुटुंब हेस्टिंग्जला आले आणि तिथल्या गावच्या संघातून तो खेळू लागला. अंगाने सडपातळ, पण उडी अशी की भोवतीचे लोक जमिनीवरच राहिलेत असे वाटावे. १९४८ च्या एका हंगामात त्याने हेस्टिंग्जसाठी १६० गोल केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉन ब्रॅडमन आपला अखेरचा कसोटी सामना खेळला होता. एक दैवत निवृत्त होत होते आणि ऑस्ट्रेलियाच्या एका कोपऱ्यात दुसरे घडत होते.

एप्रिल १९४९ मध्ये हॉथॉर्न संघाविरुद्ध तो एसेंडनकडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधला पहिला सामना खेळला. पहिल्यांदा चेंडूला पाय लावला तो गोलच, आणि सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर बारा गोल होते. पदार्पणाच्या सामन्यातला हा विक्रम आजही कायम आहे. वीस वर्षांच्या या पोराने विंडी हिलला वेड लावले. त्या हंगामाचा अंतिम सामना मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर, कार्लटनशी. प्रेक्षक नव्वद हजारांवर. एसेंडनचा विजय लवकरच निश्चित झाला, पण कुणी घरी जाईना. कोलमनचे ९४ गोल झाले होते, शंभरीला सहा हवे होते. पाच झाले, घड्याळाचे काटे पुढे सरकत राहिले आणि अगदी शेवटी शेवटी सहावाही झाला! लीगमधल्या पहिल्याच हंगामात शंभर गोल करणारा दुसरा खेळाडू अजून झालेला नाही. पुढच्या वर्षी त्याने १२० गोल केले आणि एसेंडन पुन्हा अजिंक्य ठरला.

ज्याला अडवता येत नाही, त्याला डिवचायचे, हा खेळातला जुना मार्ग. कोलमनच्या अंगाशी झोंबणारे, ढकलणारे, ठोसे लगावणारे बचावपटू प्रत्येक सामन्यात असत. १९५१ मध्ये, बाद फेरीच्या तोंडावर, कार्लटनविरुद्धच्या सामन्यात त्याचा तोल सुटला आणि त्याने उलट हात उगारला. प्रकरण लीगच्या लवादापुढे गेले. आगळीक समोरच्याची होती, अशी साक्ष झाली. तरीही डिवचणारा आणि डिवचला गेलेला या दोघांनाही सारखीच शिक्षा झाली : चार सामन्यांची बंदी. बाहेर आलेल्या कोलमनला अश्रू आवरले नाहीत. त्याच्याविना एसेंडनने अंतिम फेरी गाठली खरी, पण जिलाँगकडून संघ अवघ्या अकरा गुणांनी हरला. ही सल एसेंडनच्या घराघरांत राहिली. कोलमन असता तर, हा प्रश्न बापाने मुलाला आणि मुलाने नातवाला विचारला.

त्यापेक्षा मोठे ‘असता तर’ अजून यायचे होते. १९५२ मध्ये त्याने १०३ आणि १९५३ मध्ये ९७ गोल केले. १९५४ च्या हंगामात फिट्झरॉयविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चौदा गोल केले. वय पंचवीस, खेळ ऐन बहरात. पुढचाच सामना विंडी हिलवर, नॉर्थ मेलबर्नशी. त्या सामन्यात उडीवरून खाली येताना त्याचा गुडघा निखळला. ज्या झेपेसाठी माणसे जागा बदलत होती, तीच त्याची अखेरची ठरली. शस्त्रक्रिया झाल्या, पुनरागमनाचे प्रयत्न झाले, पण गुडघ्याने साथ दिली नाही. हिशेब तिथेच थांबला : सामने ९८, गोल ५३७. सरासरी प्रत्येक सामन्यात जवळजवळ साडेपाच गोल. ब्रॅडमनची सरासरी शंभराला थोडक्यात मुकली, याचे सामन्यांचे शतक दोनाने हुकले.

कोलमन हॉटेल व्यवसायात शिरला. मात्र एसेंडन त्याला विसरला नव्हता. त्याचे गुरू डिक रेनॉल्ड्स यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळलेली प्रशिक्षकपदाची धुरा १९६१ मध्ये त्याच्याकडे आली आणि त्याने १९६२ व १९६५ अशी दोन अजिंक्यपदे मिळवून दिली. सीमारेषेबाहेर बसून, आपण ज्या चेंडूसाठी झेपावलो असतो त्यासाठी दुसऱ्याला झेपावताना पाहणे सोपे नसावे. पण तेही त्याने सात हंगाम केले. ५ एप्रिल १९७३ रोजी ड्रोमाना या समुद्रकाठच्या गावी हृदयविकाराने तो गेला. वय अवघे ४४.

मेलबर्नमध्ये दूरचित्रवाणी आली १९५६ च्या अखेरीस, ऑलिंपिकच्या निमित्ताने. कोलमनची कारकीर्द त्याआधीच संपली होती. म्हणजे त्याचा खेळ आपल्या मनात जपला तो प्रामुख्याने गोलखांबांमागे उभे राहून पाहणाऱ्यांनी. आपल्याकडे जुन्या गवयाची मैफल जशी ऐकणाऱ्यांच्या तोंडून पुढच्या पिढीला कळते, तसाच कोलमन पुढच्या पिढ्यांना कळला. आजी-आजोबांनी हात उंच करून दाखवला, तो इतका वर गेला होता म्हणून! नातवंडांनी त्यावर विश्वास ठेवला.

१९८१ पासून हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला कोलमन पदक दिले जाते. १९९६ मध्ये शतकातला सर्वोत्तम संघ निवडला गेला, तेव्हा गोलखांबांपुढची जागा त्यालाच मिळाली. दोन-दोनशे, तीन-तीनशे सामने खेळलेले दिग्गज भोवती असताना, ९८ सामन्यांच्या खेळाडूला. पण एसेंडनच्या जुन्या माणसांना या निवडीचे नवल वाटले नसावे. त्यांनी त्याची जागा केव्हाच ठरवली होती, आणि त्याच्यासाठी आपली जागा पुन्हा पुन्हा सोडली होती.