संत बहिणाबाई : वाट एक, वाटसरू दोन

बहिणाबाई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खानदेशच्या बहिणाबाई चौधरी उभ्या राहतात. परंतु त्यांच्या जन्माच्या अडीचशे वर्षे आधी याच नावाची एक कवयित्री महाराष्ट्रात होऊन गेली. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई त्या ह्याच. त्यांनी आपली जीवनकहाणी स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली आहे. ज्या काळी स्त्रीने चार अक्षरे गिरवणेही नवलाचे होते, त्या काळी एका स्त्रीने आपल्या संसाराची हकिगत निर्भयपणे सांगावी, ही सामान्य गोष्ट नव्हे! ही कहाणी वाचताना मला ती संतचरित्रापेक्षा एका नवराबायकोच्या पायी प्रवासाची कथा वाटत गेली.

वेरूळजवळच्या देवगाव येथे १६२८ साली बहिणाबाईंचा जन्म झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचे लग्न शिऊरच्या गंगाधर पाठक यांच्याशी झाले. गंगाधरपंत वेदशास्त्र शिकलेले, बिजवर, वय तीस. नवरी तीन वर्षांची आणि नवरा तीस वर्षांचा! त्या काळाला यात काही वावगे वाटले नाही.

बहिणा नऊ-एक वर्षांची असताना माहेरी भाऊबंदकीचे संकट आले आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. आईवडील, जावई आणि ही चिमुरडी रातोरात निघाली. गोदावरीच्या काठाकाठाने, यात्रेकरूंच्या सोबतीने, भिक्षा मागत ती चालत राहिली. पंढरपूर झाले, शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव झाला, रहिमतपूरला मुक्काम झाला आणि शेवटी कोल्हापूरला बिऱ्हाड टेकले. वेरूळहून पंढरपूरच तीनशे किलोमीटरच्या वर भरते. गंगाधरपंतांच्या दृष्टीने हा नाइलाजाचा प्रवास होता. त्या पोरीला मात्र त्याच वाटेवर विठ्ठल भेटला. पाय एकाच धुळीत मळत होते, पण यात्रा एकटीचीच चालली होती.

कोल्हापूर हे क्षेत्र. तेथे कथा, पुराणे, कीर्तने यांना तोटा नव्हता. पंतांना कोणीतरी गाय दान दिली, तिला वासरू झाले आणि त्या वासराचा बहिणेला असा लळा लागला, की ते तिच्या मागोमाग कीर्तनालाही जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनात स्वामींनी वासराच्या आणि तिच्या मस्तकावर हात ठेवला. गावभर चर्चा झाली. ती पंतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या बायकोला केस धरून मारले आणि बांधून घातले. पुढे वासरू मेले. बहिणा काही दिवस बेशुद्ध होती. त्या अवस्थेत तिला विठ्ठलाचे आणि नंतर तुकोबांचे दर्शन घडले. तुकोबांना तिने कधी पाहिलेही नव्हते, पण गुरू म्हणून तिने त्यांनाच मानले.

येथे खरा संघर्ष सुरू झाला. पती वेदविद्या जाणणारा ब्राह्मण आणि पत्नीचा गुरू शूद्र मानला गेलेला वाणी! शिवाय लोक बायकोच्या दर्शनाला येऊ लागले आणि शास्त्र शिकलेल्या नवऱ्याला कोणी विचारीना. पंतांनी तिला टाकून रानात निघून जाण्याचे ठरवले. त्या वेळी बहिणाबाईंना दिवस गेले होते. परंतु त्याच सुमारास पंत महिनाभर अंथरुणाला खिळले. ज्या पत्नीला ते टाकणार होते, तीच रात्रंदिवस उशाशी बसून होती. आजारात एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन त्यांना जाब विचारला, असे बहिणाबाई सांगतात. ते काहीही असो, पंत उठले ते बदलून उठले. देहूला जाऊन तुकोबांना भेटायचे, हे आता त्यांनीच ठरवले.

कोल्हापूर ते देहू सुमारे २४० किलोमीटर. आधीच्या वाटचालीच्या मानाने हा टप्पा लहान, पण मला तो सर्वांत मोठा वाटतो. कारण आजवर बायको नवऱ्याच्या मागून चालत होती. आता नवरा बायकोच्या गुरूकडे निघाला होता. देहूला पोहोचल्यावर गंगाधरपंतांनी तुकोबांना नमस्कार केला. जातीचा आणि विद्येचा केवढा अभिमान त्यांना खाली ठेवावा लागला असेल! मंबाजी गोसाव्याने दोघांचाही छळ मांडला, तरी ती मागे फिरली नाहीत. पुढे त्यांना काशीबाई ही मुलगी आणि विठोबा हा मुलगा झाला.

पंतांचे हे परिवर्तन सांगताना पूर्वीची मारहाण विसरावी, असे मात्र मला वाटत नाही. बहिणाबाईंनी स्वतः ती लपवलेली नाही. त्यांनी पतिव्रताधर्मही सांगितला आणि अंगावरचे वळही सांगितले. जन्माने कोणी ब्राह्मण ठरत नाही, असे मांडणारी संस्कृत 'वज्रसूची'ही त्यांनी मराठी अभंगांत आणली. नवऱ्याशी घरात न झालेला वाद त्यांनी असा पुरा केला, असे मला वाटते. वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा प्रसिद्ध अभंगही त्यांच्याच नावावर आहे. १९२९ साली जस्टिन अॅबट यांनी त्यांच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

आयुष्याच्या अखेरीस बहिणाबाई सासरच्या शिऊरला होत्या. तेथेच १७०० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. वैजापूर तालुक्यातल्या त्या गावी त्यांची समाधी आहे.

आषाढीच्या वाटेवर आजही दिंडीत पुढे टाळकरी पुरुष आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका दिसतात. कित्येक जोडपी अशी पंधरा-वीस दिवस एकाच दिंडीत, पण वेगवेगळ्या रांगेत चालतात. मुक्कामाला भाकरी थापायची ती बहुधा मागच्या रांगेतलीच असते. तिच्या मनात चालताना काय चालले आहे, हे पुढच्याने कधी विचारले असेल का? गंगाधरपंतांना ते विचारायला कितीतरी वर्षे लागली. पण विचारल्यावर ते तिच्या वाटेने चालले, एवढे श्रेय मी त्यांना देते.